मुदतीचा गुरु

एप्रिल महिना संपत आला म्हणजे आमच्या एरंडोलास दोन गोष्टी बरोबरच घडतात. अंजनी नदीचें पात्र उघडें पडतें, आणि महाविद्यालयांतील तात्पुरत्या अध्यापकांचे नेमणुकीचे हुकूम संपतात. पहिल्या गोष्टीविषयीं गांवांत सर्वजण बोलतात. दुसरीविषयीं कोणी बोलत नाहीं. कारण ज्यांच्या घरीं ती घडते त्यांना बोलण्याचा संकोच वाटतो, आणि ज्यांच्या घरीं ती घडत नाहीं त्यांना बोलण्याचें प्रयोजन नसतें. मी दुसऱ्या वर्गांतला आहें. माझी नेमणूक कायम आहे, पगार महिन्याच्या महिन्यास येतो, आणि उन्हाळ्याच्या सुटींत मी पडदे सोडून वाचीत बसतों. पुढें जें लिहावयाचें आहे तें वाचतांना वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. मला स्वतःला ती क्षणभरहि विसरतां आलेली नाहीं.

अशाच एका संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. नांव सांगण्याचें कारण नाहीं. असा मनुष्य प्रत्येक तालुक्याच्या गांवीं एक तरी आहे. इंग्रजी घेऊन एम्. ए. झाला, बी. एड्. झाला, अध्यापकाच्या पात्रतेची सेट परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि आज आठ वर्षें तासिका तत्त्वावर शिकवीत आहे. ‘तासिका तत्त्व’ हा शब्द ज्यांच्या घरांत अद्याप शिरला नसेल त्यांनीं स्वतःस भाग्यवान समजावें. त्याचा अर्थ इतकाच कीं, जितके तास घ्याल तितक्याच तासांचें मानधन. आजारपणाचें नाहीं, सणावाराचें नाहीं, उन्हाळ्याचें तर नाहींच. सत्र संपलें कीं हुकूम संपला. पुढच्या वर्षीं पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि मुलाखत घेणारांत पुष्कळदा मीच. तोंडभर हसून मी त्याला त्याचें नांव विचारतों, कारण कागदावर तसें विचारावें लागतें.

बाहेरच्या पडवींत पाणी पिऊन झाल्यावर त्यानें पिशवींतून एक छापील अर्ज काढला. मालदीवमधील एका बेटावरच्या शाळेला इंग्रजीचा शिक्षक हवा होता. करार एका वर्षाचा. अर्जाच्या शेवटच्या पानावर शिफारस करणारास कांहीं प्रश्न होते. उमेदवाराचें विषयज्ञान कसें, वर्गावर ताबा कसा, आचरण कसें. आणि त्यांतला शेवटचा प्रश्न असा कीं, आपल्या मतें हा मनुष्य कराराची मुदत पुरी करील काय?

“सर, एवढें ‘होय’ लिहून द्या,” तो म्हणाला.

मीं विचारलें, “तूं पुरी करणार आहेस ना?”

तो थोडा थांबला. खोटें बोलण्याची त्याला संवय नाहीं; असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. त्यानें सरळ सांगितलें कीं, कायम जागांची जाहिरात दिवाळीच्या सुमारास निघणार असें ऐकूं येतें. तोंपर्यंतचे पांच महिने घर चालविण्यापुरतें काम त्याला पाहिजे. जाहिरात निघाली कीं तो परत येणार. वडिलांच्या कपाशीवर कर्ज आहे, मुलगी चार वर्षांची आहे. पांच महिन्यांसाठीं कोणी बोलावीत नाहीं, म्हणून वर्षाच्या करारावर सही करावयाची आणि पांच महिन्यांनीं निघून यावयाचें.

परदेशीं इंग्रजी शिकविण्याचा हा बाजार मोठा विलक्षण आहे, आणि आठ दिवस त्यानें तो बारकाईनें पाहिला होता. दक्षिण कोरियांत संभाषणाचें इंग्रजी शिकविण्याचा परवाना मुख्यतः सात देशांच्या नागरिकांस मिळतो: अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० सालीं अमलांत आलेल्या भारत-कोरिया करारानें आम्हांस एक खिडकी किलकिली करून दिली खरी, पण ती शिक्षकाचा परवाना असलेल्या सहाय्यकांपुरती. मेकॉलेसाहेबांचें टिपण १८३५ चें. तेव्हांपासून जवळजवळ दोनशें वर्षें आम्ही ही भाषा घोकीत आलों, आणि आमच्या इंग्रजीची पारख अखेर पारपत्राच्या पुठ्ठ्यावरून होते! असो. राहिलेल्या देशांत जावयाचें तर पदवीच्या कागदांवर प्रथम राज्य सरकारची आणि मग परराष्ट्र खात्याची मोहोर पाहिजे. कोणी एकशेंवीस तासांच्या शिक्षणक्रमाचें प्रमाणपत्र मागतो. आणि मधल्या वाटेवर दलाल बसलेला असतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणें परदेशच्या नोकरीसाठीं माणसें भरती करणारास सरकारी नोंदणी लागते. ज्याच्यापाशीं ती नसते तोच बहुधा सांगतो कीं, आतां पर्यटक म्हणून जा, कामाचा परवाना तेथें गेल्यावर पाहूं. असा एक सल्ला याला मिळाला होता व तो यानें नाकारला होता. म्हणजे ज्याला कायद्याचा खोटेपणा नको होता, तो मजकडे शब्दाचा खोटेपणा मागावयास आला होता. हा भेद त्याच्या मनांत कसा पडला असेल याचा मीं पुष्कळ विचार केला.

शिक्षकांनीं असें परदेशीं जाणें हें कांहीं नवें नव्हे. १९४१ सालीं इटलीच्या ताब्यांतून सुटल्यावर इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनीं शाळा पुन्हा उभारण्यास प्रारंभ केला, तेव्हां आणि त्यापुढच्या काळांत भारतांतून शेंकडों शिक्षक तिकडे गेले. १९७० नंतर नायजेरियांत तेलाच्या पैशावर शाळा निघाल्या, तेव्हां तिकडे गेले. सर्व गेले ते मुदतीच्या करारावर. मुदतीवर शिकविण्यांत कमीपणा कांहींच नाहीं, आणि याचें सर्वांत चांगलें उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. धर्मानंद कोसंबी यांचें सारें अध्यापन तुकड्यातुकड्यांचें आहे. १९१० ते १९१२ हार्वर्ड. विसुद्धिमग्गाच्या संपादनाचें श्रेय कोणाचें यावरून प्रा. लॅनमन यांच्याशीं मतभेद झाला तेव्हां ते परत आले. मग १९१८ पर्यंत पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत पालि; पुन्हा हार्वर्ड; मग अहमदाबादचें गुजरात विद्यापीठ; पुन्हा हार्वर्ड; मध्यें लेनिनग्राड; आणि १९३१ सालीं आणखी एकदां हार्वर्ड. त्या विसुद्धिमग्गाची प्रत हार्वर्डहून छापून निघाली ती १९५० सालीं, म्हणजे कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं. त्याआधीं कलकत्त्याची पुष्कळ अधिक पगाराची जागा सोडून सयाजीराव महाराजांचे महिना पन्नास रुपये त्यांनीं पत्करले होते, तेहि महाराष्ट्रांत राहून काम करतां यावें एवढ्यासाठीं. या माणसाला कोणी ‘तात्पुरता’ म्हणेल काय? पु. वि. बापटांसारखे पालिचे पंडित त्यांच्या हाताखालीं तयार झाले ते सहा वर्षांच्या मुक्कामांत.

परंतु हें उदाहरण मीं माझ्या विद्यार्थ्यास दिलें नाहीं. तें द्यावयाचें माझ्या ओठांवर आलें होतें, आणि त्याच क्षणीं मला त्यांतला लबाडपणा दिसला. कोसंबी गेले व आले ते आपल्या इच्छेनें. याला दरवर्षीं एप्रिलमध्यें घालविण्यांत येतें. व्रत घेणारानें उपवास करणें निराळें, आणि घरांत दाणा नसल्यामुळें उपवास घडणें निराळें. दुसऱ्यास पहिल्याची महती सांगूं नये.

त्याचा युक्तिवाद त्यानें संतापून मांडला असता तर मला तो खोडून काढतां आला असता. तो शांतपणें बोलला. “सर, आठ वर्षांत माझ्याशीं एकानेंहि वर्षाचा करार केला नाहीं. वर्गाचा धडा अर्धा असला तरी हुकुमाची तारीख आली कीं मी बाहेर. तेव्हां मुलांचें काय होईल असें कोणी विचारलें नाहीं. मग आतां मींच कां विचारावें?”

यावर उत्तर काय? १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तेव्हां तिच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याची शपथ घेतली. महिना पंचाहत्तर रुपयांवर गोखल्यांनीं आपलीं वर्षें पुरीं केलीं, कर्व्यांनीं केलीं. आपण हीं उदाहरणें शिक्षकदिनाच्या भाषणांत सांगतों आणि मुलें टाळ्या वाजवितात. पण त्या शपथेची दुसरी बाजू आपण सांगत नाहीं. वीस वर्षें देणारास संस्थाहि वीस वर्षें देत होती. ती त्याची होती, तिचा कारभार त्याच्या हातीं होता, शेवटीं लहानसें निवृत्तिवेतनहि होतें. आणि एवढें असूनहि, सभासदांनीं बाहेर कमाई करावी कीं नाहीं यावरून तेथें वाद माजलाच, आणि तत्त्वाला बाध येतो असें वाटल्यामुळें टिळक १८९० सालीं बाहेर पडले. म्हणजे ज्यांना आपण त्यागाचे पुतळे मानतों त्यांनाहि निष्ठा कोठवर मागावी हा प्रश्न सोपा वाटला नव्हता. आज आपण वीस वर्षांची निष्ठा मागतों आणि हुकूम देतों नऊ महिन्यांचा. ज्या दोरीचें एकच टोंक बांधलेलें आहे ती ओढून धरा असें सांगण्यांत अर्थ नाहीं.

येथवर मी त्याच्या बाजूचा आहें, आणि ही बाजू मला केवळ तर्कानें पटलेली नाहीं. विभागप्रमुख या नात्यानें कार्यभाराचे तक्ते मींच करतों. ज्या वर्षीं पूर्ण वेळाचा एक अध्यापक मागतां आला असता त्या वर्षीं तासांचे तुकडे करून ते दोघांत वांटण्याचा कागद माझ्या सहीनें गेलेला आहे. वरून तसें सुचविण्यांत आलें होतें हें खरें. पण लेखणी माझ्या हातांत होती हेंहि खरें आहे.

तरीसुद्धां ‘होय’ हा शब्द लिहिण्यास माझा हात उठेना. त्याचें कारण शोधूं लागलों तेव्हां तें मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सांपडलें नाहीं. तें येथल्याच बसस्थानकाजवळ सांपडलें.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीं मी एका गांवीं हायस्कुलांत इंग्रजी शिकवीत होतों. दहावीचा वर्ग माझ्याकडे होता. जानेवारींत मला महाविद्यालयाची नेमणूक मिळाली. एका आठवड्याच्या आंत हजर व्हावयाचें होतें. मी गेलों. नियमाप्रमाणें पगार भरून दिला, सर्व कागद पुरे केले. कायद्यानें मजवर कोणाचें कांहीं देणें राहिलें नाहीं. गेल्या वर्षीं येथील बसस्थानकाजवळच्या एका दुकानदारानें मला ओळखलें. तो त्या वर्गांतला. त्यानें चहा मागविला, माझ्या मुलांची चौकशी केली, आणि बोलतां बोलतां सहज म्हणाला, “तुम्ही गेल्यावर मार्चपर्यंत इंग्रजीला कोणी आलेंच नाहीं, सर. आमच्यांतले सातजण त्यांतच राहिले.” त्याच्या आवाजांत तक्रार नव्हती. पाऊस उशिरां आला असें सांगावें तसें त्यानें तें सांगितलें. तो स्वतः त्या सातांतला होता कीं नाहीं, हें विचारण्याचा धीर मला झाला नाहीं.

करार शाळेशीं होतो. शाळा वर्षाचा हिशेब मोडूं शकते, शिक्षकहि मोडूं शकतो. दोघेहि मोठे आहेत, फसविले गेले तर भांडूं शकतात. पण जूनमध्यें वर्गाच्या दारांतून आंत येऊन तुम्ही पहिलें वाक्य फळ्यावर लिहितां, तेव्हां आणखी एक व्यवहार होतो, आणि त्यावर कोणाची सही नसते. समोरचीं मुलें आपलें एक वर्ष तुमच्या हवालीं करतात. त्यांना दुसरें मिळावयाचें नसतें. मालदीवच्या त्या बेटावरचीं मुलें इंग्रजी माध्यमांतच बहुतेक विषय शिकतात. एरंडोलचा मनुष्य वर्षाच्या मध्यें नाहींसा झाला तर दुसऱ्या दिवशींच्या नावेनें दुसरा येत नाहीं. आणि त्याला आठ वर्षें ज्यांनीं वापरून टाकलें त्यांत तीं मुलें नव्हतीं. एकाचें देणें दुसऱ्याकडून वसूल करण्याचा हा प्रकार आहे. मात्र तो करणारा बहुतेक वेळां स्वतः नागविला गेलेला असतो, म्हणून आपल्याला तो न्याय वाटतो.

आमचें गांव म्हणजेच महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी येथील परंपरा आहे. पांडववाडा येथें दाखवितात, आणि जवळ पद्मालयास भीमाच्या खुणा दाखवितात. इतिहासकारांनीं काय तें ठरवावें. पण ती कथा मला या प्रसंगीं फार आठवली. पांडव एकचक्रेंत राहिले ते तात्पुरते, दुसऱ्याच्या घरीं, खरें नांव लपवून. भिक्षेवर पोट भरीत. बकासुराकडे माणूस पाठविण्याची पाळी आली ती यजमानाच्या घराची. पांडवांची नव्हती. ते उद्यां निघून गेले असते तर कोणी त्यांना नांवें ठेवलीं नसतीं. स्वतःच वनवासी झालेल्यांकडून कोण काय मागणार? युधिष्ठिराला तर कुंतीचा बेत ऐकून रागच आला. तरी कुंतीनें भीमाला पाठविलें, कारण त्या घरांत ते राहिले होते. आणि हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे कीं, तें काम उरकल्यावर स्वयंवराची वार्ता येतांच पांडव पांचालाकडे चालते झाले. एकचक्रेस कायमचें राहिले पाहिजे असें कुंतीनेंहि म्हटलें नाहीं. चांगली जागा निघाली तर जावें. बकासुराची पाळी अर्ध्यावर टाकून जाऊं नये, एवढेंच.

येथें कोणी अमळनेरचें उदाहरण माझ्यापुढें ठेवील. साने गुरुजींनीं तेथील प्रताप हायस्कूल १९३० सालीं सोडलें तेंहि मुलांचा जीव गुंतलेला असतांनाच, आणि तें सोडणें आपण मोठेपणाचेंच मानतों. मग मोठ्या कारणासाठीं वर्ग सोडावा आणि पोटासाठीं सोडूं नये, असा हा न्याय आहे काय? मला हा आक्षेप जड वाटतो. पोट हें लहान कारण आहे असें ज्याचें भरलेलें आहे तोच म्हणतो. मात्र गुरुजी आपण सहा वर्षें काय शिकवितों आणि कां सोडतों हें मुलांना उघड सांगून गेले असतील याविषयीं मला शंका येत नाहीं. सत्याग्रह लपून करतां येत नाहीं. येथें माझ्या विद्यार्थ्याची योजना अडखळत होती: ती यशस्वी होण्यासाठीं ती मुलांपासूनहि लपविणें भाग होतें. जूनमध्यें वर्गांत शिरतांनाच दिवाळीचें तिकीट खिशांत आहे, आणि मुलें वहीवर वर्षाची आंखणी करीत आहेत, हें चित्र मला पाहवेना. त्यालाहि पाहवलें नसतें. तो हाडाचा शिक्षक आहे. त्याला फक्त तें चित्र अजून दिसलें नव्हतें.

यांतलें अर्धेंमुर्धेंच मीं त्याला सांगितलें. दुकानदाराची गोष्ट सांगितली. कार्यभाराच्या कागदाचीहि सांगितली, तेव्हां त्यानें मान खालीं घातली, जणूं चूक त्याची होती. मीं म्हटलें, “तूं त्यांना खरें लिही. मी दिवाळीपर्यंत येऊं शकतों असें लिही. एखादी शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर जात असेल, एखादी जागा मध्येंच रिकामी असेल. पांच महिन्यांचा मनुष्य कोणालातरी हवा असेल.” तो हसला. “खरें लिहिणारांना उत्तर येत नाहीं, सर.” हें त्याचें वाक्य मी खोटें म्हणूं शकलों नाहीं.

शेवटीं मीं शिफारस लिहिली. विषयज्ञान, वर्गावरचा ताबा, आचरण यांविषयीं जें लिहिलें त्यांतला एकहि शब्द वाढवून लिहिलेला नाहीं. शेवटच्या प्रश्नापुढें मीं लिहिलें कीं, या गृहस्थानें आजवर मला दिलेला कोणताहि शब्द मोडलेला नाहीं. मुदतीविषयीं त्यांनाच विचारावें. हें लिहून मला पांच मिनिटें समाधान वाटलें. मग ध्यानांत आलें कीं, माझा खोटेपणा मीं टाळला आणि खरें बोलण्याचा सारा खर्च त्याच्या अंगावर टाकला. प्राध्यापकांना असलीं वाक्यें चांगलीं साधतात.

त्यानें त्यांना खरेंच लिहिलें. एका आठवड्यानें ईमेल आला कीं, वर्षापेक्षां कमी मुदतीस शाळा तयार नाहीं. मात्र पूर्ण वर्ष राहण्याचें वचन मिळाल्यास जागा त्यांचीच आहे. तीन दिवस तो मला भेटला नाहीं. चौथ्या दिवशीं संध्याकाळीं आला तो पत्नीला व मुलीला घेऊन आला. त्यानें वर्षाचा होकार कळविला होता. दिवाळींत जाहिरात निघाली तर, असें मीं विचारूं लागलों, तों त्याची पत्नी म्हणाली, “निघूं द्या सर. पुढच्या वेळीं पाहूं.” पुढची वेळ कधीं येते हें तिला ठाऊक आहे, तिनेंहि बी. एड्. केलेलें आहे. मुलगी माझ्या टेबलावरच्या गोल कागददाबाशीं खेळत होती, तो मीं तिला देऊन टाकला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत तो गेला. पेरणी त्याच्या भावानें केली. महाविद्यालय उघडलें तेव्हां त्याच्या तासांना कोणी सांपडेना, म्हणून प्रथम वर्षाचे आठवड्याचे सहा तास आतां मीं घेतले आहेत. पंचवीस वर्षांत मी इतकें कधीं बोललों नव्हतों आणि रात्रीं घसा बसतो. तो दर रविवारीं फोन करतो, बेटावरच्या मुलांच्या चुका सांगतो. ‘त्या’ आणि ‘तो’ यांचा त्यांचा घोळ आमच्या खानदेशी मुलांच्या घोळाहून निराळा आहे म्हणे, आणि त्यावर त्यानें एक टिपण करावयास घेतलें आहे.

सकाळीं वर्तमानपत्र आलें कीं हल्लीं मी प्रथम जाहिरातींचें पान उघडतों. ती जाहिरात यंदा निघूं नये असें मला मनापासून वाटतें. आणि तसें वाटत असतांनाच, आमच्या अध्यापकांच्या खोलींत त्याच जाहिरातीची वाट पाहत बसलेले इतर चौघे तासिकावाले माझ्याकडे पाहून हसून नमस्कार करतात.